जुनी कंपनी बंद, नवी सुरू: ब्रिटनमधल्या कॉन्ट्रॅक्टरला कर कुठे आडवा येतो?

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी बंद करून तिच्यात साठलेला पैसा घरी नेणाऱ्यांचा कर ६ एप्रिल २०२६ पासून पुन्हा वाढला. ५ एप्रिल २०२५ पर्यंत हा दर १० टक्के होता, मग वर्षभर १४ आणि आता १८. त्यामुळे ‘कंपनी ठेवावी की बंद करावी’ हा प्रश्न तिथल्या कॉन्ट्रॅक्टर मंडळींमध्ये सतत निघतो. त्यांत मराठी माणसं कमी नाहीत. पुण्याहून किंवा मुंबईहून आयटी कंपनीतर्फे तिकडे गेलेली, कायम राहण्याचा परवाना मिळाल्यावर नोकरी सोडून स्वतःच्या कंपनीतून काम घेऊ लागलेली माणसं रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स अशा गावांत सहज भेटतात.

त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: ‘कंपनी बंद केली, पैसे काढून घेतले, ठरलेला कर भरला. आठ-दहा महिन्यांनी चांगलं कॉन्ट्रॅक्ट चालून आलं आहे. आता नवी कंपनी काढली तर काही बिघडेल का?’

नवी कंपनी काढायला कायद्याची आडकाठी नाही. बिघडलं तर ते जुन्या पैशांबाबत बिघडतं. ज्या रकमेवर तुम्ही १८ टक्के भरून मोकळे झालात, तिच्यावर कर खातं डिव्हिडंडच्या, म्हणजे लाभांशाच्या, दराने कर मागू शकतं, आणि तो दर ३९.३५ टक्क्यांपर्यंत जातो. हे का होतं ते समजायचं तर सुरुवात कंपनीच्या बँक खात्यापासून करावी लागेल.

पैसा कंपनीत साठतो कसा?

क्लायंट पैसे देतो ते तुमच्या कंपनीला. कंपनी नफ्यावर कॉर्पोरेशन टॅक्स भरते. ५० हजार पौंडांपर्यंत नफा असेल तर १९ टक्के, अडीच लाखांच्या वर २५ टक्के आणि मधल्या पट्ट्यात चढत जाणारा. हा नफा काढण्याआधीच, खर्चात धरून, तुम्ही स्वतःला थोडा पगार देता, बहुधा १२,५७० पौंड, कारण तेवढं उत्पन्न करमुक्त आहे. घरखर्चासाठी वरचे पैसे, कर भरून उरलेल्या नफ्यातून, डिव्हिडंड म्हणून घेता. जे लागत नाहीत ते कंपनीतच राहतात. पाच-सहा वर्षं नीट काम केलं तर ही शिल्लक एक लाखाच्या पुढे सहज जाते.

पण ही शिल्लक तुमची नाही, कंपनीची आहे. सगळे शेअर तुमचे असले आणि सहीही एकट्या तुमचीच चालत असली तरी ती रक्कम तुमच्या हातात येताना पुन्हा एकदा कर लागतो. तो कोणत्या नावाने लागणार, यावर सगळं अवलंबून आहे.

एकच पैसा, दोन नावं

कोकणात कुणी आंबे विकले तर तो पैसा त्या वर्षाचं उत्पन्न. त्याने बागच विकली तर तो पैसा मालमत्तेचा. ब्रिटनचा कर कायदा हाच भेद करतो. चालू कंपनीतून डिव्हिडंड घेतला तर ते आंबे, म्हणजे उत्पन्न. कंपनी कायमची बंद केली आणि शेवटची शिल्लक भागधारकाला मिळाली तर ती बाग विकल्यासारखी धरतात, आणि त्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. पण एखादा माणूस दर हंगामाअखेर ‘बाग विकली’ असं सांगू लागला आणि पुढच्या हंगामात त्याच झाडांचे आंबे उतरवू लागला, तर सरकार विचारणारच. जुन्या पैशांवर डिव्हिडंडचा दर लावणारा, पुढे येणारा सगळा नियम या विचारण्यातून आला आहे.

दोन नावांमध्ये फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. समजा सगळी देणी, कॉर्पोरेशन टॅक्स आणि लिक्विडेटरची फी भागवून नेमके एक लाख पौंड उरले आहेत. लिक्विडेटर म्हणजे कंपनी रीतसर गुंडाळणारा परवानाधारक व्यावसायिक. देणी फेडायला समर्थ असलेली कंपनी अशी आपणहून गुंडाळण्याला ब्रिटनमध्ये ‘मेंबर्स व्हॉलंटरी लिक्विडेशन’ म्हणतात, बोलताना नुसतं एमव्हीएल. एमव्हीएलमध्ये मिळालेल्या लाखातून वर्षाची ३,००० पौंडांची भांडवली नफ्याची सूट वजा केली, उरलेल्या ९७ हजारांवर १८ टक्के लावले, की कर होतो १७,४६० पौंड.

तेच एक लाख एकाच वर्षात डिव्हिडंड म्हणून घेतले आणि वर १२,५७० पौंडांचा पगार असला, तर २०२६-२७ च्या दरांनी कर जवळपास २९,१०० पौंड होतो. यात डिव्हिडंडचे पहिले ५०० पौंड करमुक्त धरले आहेत, खालच्या टप्प्यावर १०.७५ टक्के आणि वरच्या टप्प्यावर ३५.७५ टक्के. उत्पन्न एक लाखाच्या पुढे गेलं की करमुक्त रक्कमही कापली जाते, ती कपातही यात आली. म्हणजे फरक सुमारे ११,६०० पौंडांचा. २०२४-२५ मध्ये, दर १० टक्के असताना, हाच फरक १७ हजारांच्या वर होता.

हा १८ टक्क्यांचा दरही आपोआप मिळत नाही. त्या सवलतीचं नाव बिझनेस ॲसेट डिस्पोजल रिलीफ. २०२० पर्यंत तिला आंत्रप्रनर्स रिलीफ म्हणत. कंपनी खराखुरा व्यवसाय करणारी हवी. तुमच्याकडे किमान ५ टक्के शेअर हवेत, तुम्ही तिचे संचालक किंवा कर्मचारी हवेत, आणि हे सगळं व्यवसाय थांबण्याआधी सलग दोन वर्षं असायला हवं. व्यवसाय थांबल्यापासून तीन वर्षांत पैसे हातात यायला हवेत. आयुष्यभरात मिळून १० लाख पौंडांच्या नफ्यापर्यंतच ती मिळते. अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर नेहमीचा दर, म्हणजे उत्पन्नानुसार १८ किंवा २४ टक्के.

चार अटी, आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात

कंपनी बंद करायची, कमी दराने पैसे काढायचे, तेच काम नव्या कंपनीतून सुरू करायचं आणि काही वर्षांनी पुन्हा तेच, या प्रकाराला तिकडे ‘फिनिक्स’ म्हणतात, राखेतून उठणाऱ्या पक्ष्यावरून. तो रोखायला ६ एप्रिल २०१६ पासून एक खास नियम लागू आहे. त्याचं पूर्ण नाव टार्गेटेड अँटी-अव्हॉइडन्स रूल. अकाउंटंट लोक त्याला ‘टार’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पहिली अट, बंद होताना कंपनीत तुमचा किमान ५ टक्के हिस्सा होता. दुसरी, कंपनी मोजक्या लोकांच्या ताब्यातली होती. एकट्या माणसाची किंवा नवरा-बायकोची कंपनी या दोन्हींत बसतेच, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरने या दोन अटींवर वेळ घालवू नये.

तिसरी अट महत्त्वाची. पैसे मिळाल्यापासून दोन वर्षांत तुम्ही तेच किंवा तशाच प्रकारचं काम पुन्हा करू लागलात. ते नव्या कंपनीतून असो, भागीदारीतून असो की स्वतःच्या नावाने. हे घड्याळ कंपनी बंद झाल्याच्या तारखेपासून सुरू होत नाही, पैसे हाती आल्याच्या तारखेपासून होतं. पुष्कळांची गफलत इथे होते. लिक्विडेटर पहिला मोठा हप्ता काही आठवड्यांत देतो, पण थोडी रक्कम राखून ठेवतो आणि कर खात्याचा सगळा हिशेब मिटल्यावर, बऱ्याचदा काही महिन्यांनी, उरलेली देतो. दोन्ही हप्त्यांची दोन वर्षं वेगवेगळी मोजली जातात. मोठ्या हप्त्याची मुदत टळली तरी धाकट्याची चालू असू शकते.

चौथी अट हेतूची. कंपनी बंद करण्यामागे आयकर टाळणं किंवा कमी करणं हा मुख्य हेतू, किंवा मुख्य हेतूंपैकी एक, होता असं सगळी परिस्थिती पाहता मानणं वाजवी ठरेल का? ‘मुख्य हेतूंपैकी एक’ हे शब्द फार वजनाचे आहेत. तुमच्याकडे दुसरं खरं कारण असलं तरी कर वाचवणं हे त्याच्या जोडीचं कारण असेल तर अट पुरी होऊ शकते. शिवाय, दोन वर्षांत पुन्हा तेच काम सुरू केलं ही गोष्ट हेतू ठरवताना विशेषकरून लक्षात घ्यावी, असं कायद्यातच म्हटलं आहे.

चारही अटी पुऱ्या झाल्या तर मिळालेली रक्कम डिव्हिडंड धरली जाते. आपल्या उदाहरणात १७,४६० चे २९,१०० होतात, वर उशिराचं व्याज आणि निष्काळजीपणा दिसला तर दंड.

हेतू माणसाच्या मनात असतो, तो खातं कसं ठरवणार?

वागण्यावरून. कर खात्याने, म्हणजे एचएमआरसीने, आपल्या मार्गदर्शनात काही नमुन्याची उदाहरणं दिली आहेत. माझ्या मते नियमाचा कल कळायला कलमांपेक्षा ती जास्त उपयोगी आहेत.

एका उदाहरणातला माणूस दहा वर्षं बागा फुलवून देण्याची कंपनी चालवतो. निवृत्त व्हायचं म्हणून ती बंद करतो, आणि पेन्शनला जोड म्हणून गावात थोडंफार बागकाम करत राहतो. काम तेच आहे, दोन वर्षांच्या आतलं आहे, तरीही खातं म्हणतं की इथे कर हा मुख्य हेतू दिसत नाही. दुसऱ्या उदाहरणातली बाई आयटी कॉन्ट्रॅक्टर आहे. प्रत्येक नव्या कॉन्ट्रॅक्टला ती नवी कंपनी काढते, काम संपलं की ती बंद करून नफा भांडवल म्हणून घरी नेते. इथे खात्याला शंका नाही, तिला डिव्हिडंडचा दर. तिसऱ्यात एक अकाउंटंट स्वतःचा धंदा सांभाळण्याची जोखीम नको म्हणून कंपनी बंद करते आणि भावाच्या, आधीपासून चालत असलेल्या फर्ममध्ये नोकरी धरते. भाऊ जवळचा नातेवाईक असल्याने तिसरी अट पुरी होते, पण हेतूच्या अटीवर ती सुटते.

माळी आणि आयटी कॉन्ट्रॅक्टर यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे आणि तुमच्याआमच्यासारखी बहुतेक माणसं त्या जागेत उभी असतात. एप्रिल २०२१ पासून खाजगी क्षेत्रातले मध्यम आणि मोठे क्लायंट कॉन्ट्रॅक्टर खरा स्वतंत्र आहे की नावापुरता, हे स्वतः ठरवू लागले. हा आयआर३५ चा नियम. क्लायंटने ‘नावापुरता’ ठरवलं की पगारासारखा कर कापला जातो आणि स्वतःची कंपनी ठेवण्यात अर्थ उरत नाही. अशा वेळी कितीतरी जणांनी कंपन्या बंद केल्या, नोकरी धरली किंवा अंब्रेला कंपनीच्या पगारावर गेले. अंब्रेला म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला आपल्या पगारपत्रकावर घेऊन क्लायंटकडे पाठवणारी कंपनी. दीड वर्षाने आयआर३५ च्या बाहेरचं, स्वतंत्र कॉन्ट्रॅक्ट आलं तर यांनी काय करायचं?

माझं मत असं की ज्याच्याकडे बंद करतेवेळचा कागद आहे त्याने फार घाबरू नये. क्लायंटने दिलेला आयआर३५ चा निर्णय, नोकरीचं नेमणूकपत्र, कॉन्ट्रॅक्ट मिळत नव्हती तेव्हाचे एजंटांचे ईमेल, आजारपणाचे किंवा घरी आईवडिलांकडे जावं लागल्याचे कागद, हे सगळं तारखेसकट जपून ठेवावं. उलट, बंद करण्याच्या सुमारास अकाउंटंटशी झालेल्या पत्रव्यवहारात ‘किती कर वाचेल’ याखेरीज दुसरा विषयच नसेल, तर पुढे कितीही कारणं सांगितली तरी पटवणं अवघड आहे.

‘कंपनी बायकोच्या नावावर काढली तर?’

उपयोग नाही. नवरा, बायको, भाऊ, बहीण, आईवडील, मुलं हे सगळे कायद्याच्या भाषेत ‘संबंधित’ आहेत. त्यांच्या धंद्यात तुम्ही गुंतलात तरी तिसरी अट पुरी होते. आणि असा बनाव हेतूच्या अटीवर तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो.

अनोळखी मालकाकडची साधी पगारी नोकरी मात्र वेगळी. तिथे धंदा मालकाचा असतो, तुमचा नसतो, म्हणून ती या अटीत येत नाही असंच सर्वसाधारणपणे मानलं जातं. काम खरोखर वेगळं असेल, जसं जावा प्रोग्रॅमरने कंपनी बंद करून कॅफे टाकला, तरीही प्रश्न येत नाही. पण ‘आधी डेव्हलपर होतो, आता प्रोजेक्ट मॅनेजर आहे’ एवढ्या फरकावर मी तरी विसंबणार नाही. कायदा ‘तेच’ म्हणून थांबत नाही, ‘तशाच प्रकारचं’ असंही म्हणतो.

कंपनी बुडाली आणि त्याच संचालकांनी तसल्याच नावाची नवी काढली, त्यालाही लोक फिनिक्सच म्हणतात. तो प्रकार वेगळा. देणी बुडवून लिक्विडेशनमध्ये गेलेल्या कंपनीचं नाव संचालकांना पाच वर्षं वापरता येत नाही, हे १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याचं कलम २१६. सगळी देणी फेडून बंद केलेल्या कंपनीला ते लागू होत नाही.

शिल्लक थोडी असेल तर?

२५ हजार पौंडांपर्यंत शिल्लक असेल तर लिक्विडेटर लागत नाही. कंपनीज हाउसकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीकडे, अर्ज करून कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून घेता येतं, यालाच स्ट्राइक ऑफ म्हणतात. अटी पाळल्या तर ती रक्कमही भांडवल धरली जाते. पण ही मर्यादा कड्यासारखी आहे. २४,९०० वाटले तर सगळे भांडवल. २५,१०० वाटले तर वरचे १०० नव्हेत, सगळेच्या सगळे डिव्हिडंड. शेवटच्या हिशेबात व्हॅटचा परतावा किंवा बँकेचं व्याज अचानक जमा होऊन रक्कम हद्द ओलांडू शकते, म्हणून थोडं अंतर राखून राहावं. आणि नाव निघाल्यावर कंपनीच्या खात्यात काही राहिलंच, तर ते सरकारजमा होतं.

मुळात बंद करायची गरज आहे का?

हा प्रश्न पहिला असायला हवा, पण बहुतेक जण तो विचारतच नाहीत. दर १० टक्के होता तेव्हा बंद करणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं ठरायचं. आता तसं राहिलेलं नाही. खालच्या टप्प्यातल्या डिव्हिडंडवर १०.७५ टक्के लागतात आणि कंपनी बंद केली तर १८.

समजा तुम्ही दोन वर्षं काम थांबवणार आहात, मूल लहान आहे किंवा पुढे शिकायचं आहे, आणि या काळात दुसरं उत्पन्न नाही. कंपनी तशीच ठेवून वर्षाला ५० हजार पौंड डिव्हिडंड घेतला, तर १२,५७० ची करमुक्त रक्कम आणि वरचे ५०० वजा करून उरलेल्यावर १०.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ३,९७० च्या आसपास कर होतो. दोन वर्षांत एक लाख पौंड घरी आले आणि कर गेला सुमारे ७,९४०. एमव्हीएलने तोच कर १७,४६० होता, वर लिक्विडेटरची फी. शिवाय कंपनी बंदच केली नाही, त्यामुळे टारचा संबंध नाही. नवं कॉन्ट्रॅक्ट आलं की त्याच कंपनीतून काम सुरू.

दोन वर्षांत परत येण्याची थोडी जरी शक्यता असेल तर मी कंपनी झोपवून ठेवण्याच्या बाजूने आहे. वर्षाचा हिशेब आणि कंपनीज हाउसची नोंद भरावी लागते, त्याचा खर्च होतो, पण वर दिलेल्या फरकापुढे तो किरकोळ आहे. भान ठेवायचं ते तीन वर्षांच्या मुदतीचं. व्यवसाय थांबून तीन वर्षं उलटली की १८ टक्क्यांची सवलत जाते. तेव्हा दोन-सव्वादोन वर्षांच्या सुमारास अकाउंटंटबरोबर बसून पुढचं ठरवावं. ज्याला चांगल्या पगाराची नोकरी लागली आहे त्याचं गणित मात्र निराळं. त्याचा खालचा टप्पा पगारानेच भरलेला असतो, डिव्हिडंडवर थेट ३५.७५ टक्के लागतात, आणि त्याला एमव्हीएल आजही परवडते.

भारतात परतणाऱ्यांनी

कायमचे परत येत असाल तर पैसे कोणत्या वर्षी हाती येतात ते दोन्ही देशांच्या नजरेने पाहा. भारतात पूर्ण निवासी ठरल्यावर जगभरचं उत्पन्न इथे करपात्र होतं. ब्रिटन सोडल्यावर तिथे कर लागणार नाही असं धरून पैसे काढले आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा तिथे राहायला गेलात, तर त्या नफ्यावर परतलेल्या वर्षी ब्रिटन कर लावू शकतो. दोन्हीकडचं कळणारा सल्लागार गाठल्याशिवाय लिक्विडेटरच्या कागदांवर सही करू नये.

कर खात्याला आधीच विचारून घेता येतं का?

टारच्या बाबतीत नाही. आगाऊ मान्यता देण्याची सोय या नियमात ठेवलेली नाही. तुम्हीच ठरवायचं, तुम्हीच विवरणपत्रात लिहायचं आणि खात्याने विचारलं तर तुम्हीच सिद्ध करायचं.

त्यात तारखांची एक अडचण आहे. मे २०२६ मध्ये एमव्हीएलचे पैसे मिळाले तर ते २०२६-२७ च्या विवरणपत्रात येतात आणि ते भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी २०२८. तोवर तुम्ही नोकरीत आहात, म्हणून १८ टक्के लावून विवरणपत्र भरलंत, तेव्हा ते बरोबरच होतं. मग मार्च २०२८ मध्ये नोकरी सुटली आणि तुम्ही नवी कंपनी काढून जुनंच काम घेतलंत. मे २०२८ पर्यंतची दोन वर्षं अजून संपलेली नाहीत, म्हणजे तिसरी अट विवरणपत्र भरून झाल्यावर पुरी झाली. अशा वेळी हेतूच्या अटीचा नव्याने विचार करावा लागतो, आणि ती पुरी होते असं वाटलं तर विवरणपत्र दुरुस्त करून वरचा कर भरावा लागतो. दुरुस्तीची मुदत ३१ जानेवारी २०२९ पर्यंत असते. आणि पहिलं काम सुरू करायच्या तारखेत दोन-अडीच महिन्यांचाच प्रश्न असेल, तर क्लायंटला जून २०२८ ची तारीख मागून पाहावी. शेवटचा हप्ता उशिरा आला असेल तर त्याच्या दोन वर्षांनंतरची.